कणगीतला निर्गुडीचा पाला आणि म्युनिकमधली साक्ष

  

आजची गोष्ट रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घराच्या माजघरात सुरू होते आणि जर्मनीतल्या म्युनिक शहरात, एका सुनावणीच्या दालनात जाऊन पोचते. विषय आहे पिकं आणि धान्य खाणारी पाखरं. पाखरं म्हणजे पक्षी नव्हेत हं. रात्री दिव्यावर झडप घालणारे ते मळकट पतंग. त्यांची पिल्लं म्हणजे अळ्या, आणि शेतकऱ्याची झोप उडवतात त्या या अळ्याच. त्यांना झाडपाल्याच्या अर्कानं रोखायची युक्ती आपल्याकडे जुनी आहे, हे सगळेच सांगतात. मीही सांगायचे. पण "जुनी आहे" हे सिद्ध करायची वेळ आली तेव्हा काय झालं, ते आज ऐका.

आमचं गाव पालीच्या पुढे, लांज्याच्या अलीकडे. माझ्या लहानपणी माजघरात एक कणगी होती. ज्यांनी कणगी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: बांबूच्या कांब्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली, माझ्यापेक्षा उंच अशी टोपली. तिच्यात वर्षाचं भात. आजी भात उन्हात कडकडीत वाळवून घ्यायची, एक दाणा दाताखाली फोडून आवाज ऐकायची आणि मगच कणगी भरायची. भरताना मध्ये मध्ये निर्गुडीच्या डहाळ्या. वरून पुन्हा निर्गुडी, त्यावर पेंढा, आणि तोंड शेणानं बंद.

मी विचारलं, "आजी, हा पाला कशाला?"

"अगो, नायतर पाखरू लागतं."

झालं. एवढंच स्पष्टीकरण. किती पाला, कुठल्या महिन्यातला, किती दिवस पुरतो, काही नाही. आजीला ते तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. कुणी लिहून ठेवलं नाही, कारण लिहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीतच होतं.

आता हे आजीचं पाखरू कोण, ते बघू. साठवलेल्या भातावर येणारा एक बारीकसा, वाळल्या गवताच्या रंगाचा पतंग आहे. शास्त्रीय नाव सिटोट्रोगा सिरियालेला. मादी दाण्यावर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि आतल्या आत दाणा पोकळ करते. बाहेरून भात छान दिसतं. मग एक दिवस दाण्याला गोल भोक पडतं आणि त्यातून पतंग बाहेर येतो. तोवर तुमचं वर्षाचं जेवण त्यानं खाल्लेलं असतं.

या किड्याचं इंग्रजी नाव मात्र फ्रान्समधल्या एका प्रांतावरून पडलंय. त्या प्रांताचं नाव अंगूम्वा. अठराव्या शतकात तिथे या पतंगानं गव्हाचा असा फडशा पाडला की १७६० साली दुआमेल द्यु मोन्सो आणि तिये या दोन शास्त्रज्ञांना चौकशीसाठी तिकडे पाठवण्यात आलं. त्यांनी किडा पाळला, त्याचं आयुष्य नोंदवलं, धान्य भट्टीत किती तापवलं की अळी मरते आणि दाणा शाबूत राहतो याचे प्रयोग केले, आणि १७६२ साली त्यावर पुस्तक छापलं.

म्हणजे पाखरू तेच. तिकडे पुस्तक निघालं, इकडे डहाळी कणगीत गेली. दोन्ही उपाय आपापल्या जागी ठीकच होते. पण एक छापलेला होता आणि दुसरा नव्हता, हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो फार महागात पडणार आहे.

इथे एक प्रश्न तुम्हाला पडला असेल. झाडपाल्याचं औषध म्हटलं की कडुनिंब. मग आजी निर्गुडी का वापरायची?

कारण कडुनिंब हे मुळात कोकणाचं झाड नव्हेच. त्याला कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन लागते. रत्नागिरीत पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या वर. आमच्याकडे पाडव्याला कडुनिंबाचा डहाळा हवा असला की कुणाच्या तरी परसात असलेलं एखादं झाड शोधत जावं लागतं. घाटावर मात्र तो बांधाबांधावर, शाळेच्या पटांगणात, पारावर, सगळीकडे. त्यामुळे देशावर धान्यात कडुनिंबाचा पाला आणि कोकणात निर्गुडी. जे दारात उगवतं ते. दिव्यासाठी करंजेल तेल, शेतात करंजाची पेंड, पोथ्यांच्या गाठोड्यात वेखंडाचा तुकडा. प्रत्येक गावाचं औषध तिथल्या पावसानं ठरवलेलं.

लिखित परंपरा अजिबात नव्हती असंही नाही. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, झाडांच्या आजारांवरचा. त्यात किडीनं झालेल्या जखमेवर वावडिंग, तीळ, गोमूत्र, तूप आणि मोहरी यांचा लेप सांगितलाय. या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होती. डॉ. य. ल. नेने यांच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशननं ती मिळवली आणि नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आपला ग्रंथ, ठेवलेला इंग्लंडात, सर्वांना वाचायला मिळाला १९९६ मध्ये. आमच्या आजीनं त्याचं नावही ऐकलं नव्हतं. तिच्यापर्यंत आलं ते तोंडी आलं.

आणि मग हे तोंडी आलेलं थांबलं. कधी थांबलं? जगभरात जेव्हा थांबलं तेव्हाच.

दुसऱ्या महायुद्धात डीडीटीनं हिवताप आणि टायफसपासून लाखो माणसं वाचवली. पॉल म्युलर यांना त्यासाठी १९४८ चं नोबेल मिळालं. १९५४ साली भारत सरकारनं हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी काढली, आणि पुढे तिचा एक कारखाना आपल्याच कोकणात, रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला उभा राहिला. गावाचं नावच बघा! घरोघर पांढरी पावडर आली. ती स्वस्त होती, लगेच परिणाम दाखवायची, आणि सरकारी माणूस सांगत होता. त्या काळच्या शेतकऱ्याला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. भुकेच्या दिवसांत ज्याचं पीक डोळ्यांदेखत अळी खातेय, तो डहाळी घेऊन बसणार नाही.

पण हिशेब नंतर आला. किडी औषधांना सरावल्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी आंध्रात कपाशीवरची घाटेअळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा नावाच्या पतंगाची अळी, पायरेथ्रॉइड औषधांना दाद देईना. शेतीत डीडीटी वापरायला १९८९ मध्ये बंदी आली. २००२ साली बीटी कपाशी आली, बोंडअळीवरचा कायमचा इलाज म्हणून. आणि १८४३ साली भडोचच्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून जिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं, ती गुलाबी बोंडअळी २०१७ साली महाराष्ट्रात त्याच बीटी कपाशीवर तुटून पडली.

त्याच २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यातले कित्येक जण दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर पंप पाठीला लावून गेलेले होते. झाडपाल्याच्या अर्काची चर्चा शहरात कधी कधी ऑरगॅनिक भाजीच्या फॅशनसारखी होते. पंप पाठीवर घेणाऱ्यासाठी ती फॅशन नाही. पाठीवरच्या टाकीत काय आहे, हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

आता माझी फजिती सांगते.

२०२० साली लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून गावी आले. भातकापणी झाल्यावर त्याच मळ्यात पावटा पेरला. जानेवारीत शेंगा धरल्या आणि बघते तर शेंगांना भोकं. आत हिरवी अळी. डोकं आत, मागचा अर्धा भाग बाहेर, निवांत जेवण चाललेलं. मी म्हटलं, विषारी काही मारायचं नाही. निंबोळी अर्क करायचा. तासगावच्या मावशीनं एसटीच्या पार्सलनं निंबोळ्या पाठवल्या. माळ्यावर दोन वर्षं पडून होत्या, काळ्या पडलेल्या. मी त्या कुटल्या, अर्क चांगला उतरावा म्हणून उकळत्या पाण्यात घातल्या, गाळल्या आणि भर दुपारी बारा वाजता फवारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी घेऊन गेले. सगळ्या अळ्या जिवंत. बाबा पायरीवर चहा पीत होते. म्हणाले, "काय, अळ्यांना सर्दी तरी झाली का?"

मी जाहीर करून टाकलं की हे सगळं थोतांड आहे. आजीची डहाळी, मावशीची निंबोळी, सगळं. आणि मग चिडून वाचायला बसले. तेव्हा कळलं की थोतांड निंबोळीत नव्हतं. मी एकूण एक चूक केली होती.

कडुनिंबाच्या बीत जे द्रव्य मुख्य काम करतं त्याचं नाव ॲझाडिरॅक्टिन. ते डीडीटीसारखं अळीला जागच्या जागी मारत नाही. ते दोन कामं करतं. एक, पानाची चव बिघडवतं, अळी खाणं कमी करते किंवा सोडते. दुसरं जास्त महत्त्वाचं. अळी वाढताना चार-पाच वेळा कात टाकते. त्यासाठी तिच्या अंगात एक संप्रेरक पाझरावं लागतं. ॲझाडिरॅक्टिन त्यातच गोंधळ घालतं. मग अळीला धड कात टाकता येत नाही, कोष करता येत नाही, आणि ती काही दिवसांनी मरते. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी घेऊन प्रेतं मोजायला जाणं हाच वेडेपणा. शिवाय हे द्रव्य उन्हात लवकर विघटित होतं, म्हणून फवारणी संध्याकाळी. उष्णतेनं बिघडतं, म्हणून उकळायचं नाही. जुन्या, बुरशी आलेल्या निंबोळीत ते उरत नाही. आणि शेंगेत शिरून बसलेल्या मोठ्या अळीपर्यंत फवारा पोचतच नाही. तो अंडी दिसताना, अळ्या बारीक असतानाच मारायचा.

आपल्या कृषी विद्यापीठांची पाच टक्के निंबोळी अर्काची कृती साधी आहे. पाच किलो वाळलेली निंबोळी कुटायची, नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. वेगळ्या एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा भिजत घालायचा. सकाळी अर्क फडक्यातून गाळायचा, साबणाचं पाणी मिसळायचं आणि एकूण शंभर लिटर द्रावण करायचं. साबण कशाला? अर्क पानाला चिकटून पसरावा म्हणून. करून ठेवायचा नाही, त्याच दिवशी संपवायचा.

हे इतकं नेमकं कुणी शोधलं? इथून आपल्या गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो.

१९४२ साली सलीमुज्जमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञानं कडुनिंबाच्या तेलातून निंबीन, निंबिनीन आणि निंबिडीन अशी तीन कडू द्रव्यं वेगळी केली. वैद्य-हकिमांच्या या झाडाकडे प्रयोगशाळेच्या नजरेनं पाहणाऱ्यांत ते अगदी पहिले. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि तिथल्या विज्ञान-संशोधनाचे आधारस्तंभ झाले.

१९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली. हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं, की सगळं हिरवं उजाड झालं, पण कडुनिंबाची झाडं तेवढी उभी. १९६२ साली दिल्लीवर टोळ आले तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळी कुटून पाण्यात मिसळून पिकांवर फवारली. टोळ उतरले, बसले, पण त्यांनी पिकाला तोंड लावलं नाही. योगायोग बघा, रेचेल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' हे कीटकनाशकांवरचं गाजलेलं पुस्तक त्याच वर्षीचं. त्या पुस्तकानं अमेरिका हादरली. प्रधानांची निंबोळी मात्र शेतीच्या मासिकाबाहेर फारशी गेली नाही. १९६८ मध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ॲझाडिरॅक्टिन वेगळं केलं. त्या रेणूची रचना इतकी किचकट की प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या बनवायला २००७ साल उजाडलं. केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या चमूनं त्यासाठी २२ वर्षं खर्ची घातली. कडुनिंब ते दर पावसाळ्याच्या तोंडाला बी पिकवताना करतो.

महाराष्ट्रात हे काम चिकाटीनं केलं सी. एम. केतकरांनी. खादी आणि ग्रामोद्योग आयोगासाठी त्यांनी निंबोळी, तिचं तेल आणि पेंड यांच्या उपयोगाचा सविस्तर अहवाल १९७६ साली तयार केला. झाडाखाली कुजून जाणारी निंबोळी गोळा करणं, वाळवणं, तिचं तेल काढणं, असल्या बिनझगमगाटी कामाला त्यांनी महत्त्व दिलं.

साधारण त्याच काळात, १९७१ मध्ये, रॉबर्ट लार्सन नावाच्या अमेरिकन लाकूड-व्यापाऱ्याचं कडुनिंबाकडे लक्ष गेलं. त्यानं निंबोळ्या विस्कॉन्सिनला नेल्या, दहाएक वर्षं चाचण्या केल्या, 'मार्गोसन-ओ' नावाचं कीटकनाशक तयार केलं, १९८५ मध्ये अमेरिकन सरकारची परवानगी मिळवली आणि तीन वर्षांनी आपलं पेटंट डब्ल्यू. आर. ग्रेस या बड्या कंपनीला विकलं.

आणि सप्टेंबर १९९४ मध्ये ग्रेस कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना मिळून युरोपात एक पेटंट मंजूर झालं. कशावर? कडुनिंबाच्या बियांतून विशिष्ट पद्धतीनं काढलेलं तेल फवारून झाडांवरच्या बुरशीचा बंदोबस्त करण्याच्या पद्धतीवर. हो, हे पेटंट बुरशीवर होतं, पतंगांवर नव्हतं. पण बाटली तीच, झाड तेच, आणि प्रश्नही तोच. आमच्या बांधावरच्या झाडाचं हे काम यांनी शोधलं कसं?

१९९५ मध्ये तिघींनी या पेटंटला आव्हान दिलं. भारतातून वंदना शिवा, बेल्जियमच्या माग्दा आल्वूत, आणि सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वतीनं लिंडा बुलार्ड.

आता मला वाटायचं की हा खटला जिंकणं सोपं. पाडव्याची पंचांगं दाखवा, ग्रंथ दाखवा, झालं! तसं नव्हतं. पेटंट "कडुनिंब औषधी आहे" यावर नव्हतंच. ते अमुक प्रकारे काढलेलं तेल, अमुक प्रमाणात, बुरशीवर, असं नेमकं होतं. ते पाडायचं तर तितकंच नेमकं उत्तर हवं: हीच गोष्ट, अर्जाच्या तारखेआधी, लोकांसमोर, कुणी केली होती?

दोन दिवस सुनावणी झाली, ९ आणि १० मे २०००, म्युनिकमध्ये. बनारस हिंदू विद्यापीठाचे उदय प्रताप सिंह तिथे होते. आणि साक्षीला उभे राहिले पुण्याचे अभय फडके, अजय बायोटेक या कंपनीचे. त्यांनी सांगितलं, की १९८५ आणि १९८६ मध्ये त्यांनी पुणे आणि सांगली जिल्ह्यांत कडुनिंबाच्या अर्काच्या शेतावर चाचण्या घेतल्या होत्या. साल, जिल्हे, पद्धत, सगळं. पेटंटच्या अर्जाच्या तीन-चार वर्षं आधी.

१० मे २००० ला युरोपियन पेटंट ऑफिसनं ते पेटंट रद्द केलं. ग्रेस कंपनीनं अपील केलं, ते ८ मार्च २००५ ला फेटाळलं गेलं.

बातम्या आल्या, 'भारताच्या प्राचीन ज्ञानाचा विजय'. मीही तसंच समजत होते. पण नीट बघा. म्युनिकमध्ये सगळ्यात वजन पडलं ते १९८५ सालातल्या, आपल्या इथल्या, मोजून-मापून केलेल्या कामाचं. कुणीतरी ऐकीव गोष्ट शेतात नेली, करून पाहिली, साल लक्षात ठेवलं, आणि पंधरा वर्षांनी परक्या देशात उभं राहून शपथेवर सांगू शकला. ती साक्ष नसती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

याला जोड म्हणून हळदीचं बघू. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये मंजूर झालं आणि १९९७ मध्ये रद्द झालं. ते लढवलं आपल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं. तिथे छापील पुरावे द्यावे लागले, त्यात १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय मासिकातला एक लेखही होता. आजीनं गुडघ्यावर हळद लावली होती, हे चाललं नसतं. का? कारण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात परदेशातला नुसता वापर मोजलाच जायचा नाही. तो कुठेतरी छापलेला असावा लागायचा. हा नियम २०१३ पासून बदलला. म्हणजे तोवर, अमेरिकेच्या कायद्याच्या लेखी, आमची कणगी अस्तित्वातच नव्हती.

याच अनुभवातून २००१ साली भारतानं पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारायला घेतलं, जुन्या ग्रंथांतली सूत्रं पेटंट तपासनिसांना कळतील अशा भाषांत आणणारं. मोठं काम आहे. पण ते सुरू झालं ग्रंथांपासून. जे ग्रंथात नाही, फक्त माजघरात आहे, ते कोण लिहिणार?

म्हणून मला हा विषय आज घ्यावासा वाटला. कडुनिंबाला सिद्दिकी, प्रधान, केतकर आणि फडके भेटले. आमच्या निर्गुडीच्या, करंजाच्या वाट्याला त्यामानानं थोडंच आलं. दशपर्णी अर्कात ही दोन्ही पानं आज राज्यभर पडतात, पण आमच्या गावात कणगीत निर्गुडी कधी तोडायची, फुलावर असताना की आधी, ओली घालायची की सुकवून, हे सांगणारी शेवटची बाई आमच्या घरात माझी आजी होती. ती २०१४ मध्ये गेली. मी तिला विचारलंच नाही.

दोन सावधगिरीचे शब्द. झाडातून आलं म्हणजे निरुपद्रवी, असं नाही. तंबाखूतलं निकोटीन हेही एके काळचं झाडपाल्याचंच कीटकनाशक, आणि ते माणसाला मारू शकतं. काजरा आणि कण्हेरही झाडंच आहेत. अर्क करतानाही तोंडाला फडकं, हातात मोजे आणि मुलांपासून लांब. उलट, पायरेथ्रॉइड हे रासायनिक औषध. पण त्याच्या रेणूचा नमुना मिळाला शेवंतीच्या कुळातल्या एका फुलावरून. तेव्हा झाड चांगलं आणि रसायन वाईट, इतका सोपा हा मामला नाही. आणि दुसरं, पाच टक्के निंबोळी अर्क मोठ्या उद्रेकात एकटा पुरणार नाही. २०१८ साली मक्यावर नवी लष्करी अळी आली, तेव्हाही सल्ला असाच होता: अंडीपुंज वेचा, कामगंध सापळे लावा, पक्षीथांबे उभे करा, आणि सुरुवातीच्या टप्प्यातच निंबोळी.

माझ्या पावट्याचं पुढे काय झालं? पुढच्या हंगामात मावशीला त्याच वर्षीच्या निंबोळ्या पाठवायला सांगितल्या. फुलं दिसायला लागल्यावर, सूर्य मावळताना पहिली फवारणी, मग दर आठ-दहा दिवसांनी. मळ्याचा एक कोपरा मुद्दाम न फवारता सोडला, कारण तुलना कशाशी करणार? शेंगांना भोकं पडलीच. पण सोडलेल्या कोपऱ्यात जास्त होती, आणि ती मी रोज मोजून वहीत लिहिली. बाबांनी वही चाळली आणि म्हणाले, "हे बरं केलंस. पण पाऊस पडला तो दिवस लिहिला नाहीस." खरंच राहिला होता. अर्क धुऊन गेला असेल तर त्या दिवशीच गेला असेल. मग तोही लिहिला.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, जे धान्यात काही घालतं, झाडाला काही शिंपडतं, तर या रविवारी फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. झाडाचं गावातलं नाव विचारा, पानाचा फोटो काढा. महिना विचारा, माप विचारा, मूठभर म्हणजे किती ते त्यांच्याच हातानं दाखवायला सांगा. कुणाकडून शिकलात तेही विचारा. आणि सुरुवातीला मोठ्यानं तारीख सांगा.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि दिव्यावर येणारं पाखरू मारायच्या आधी एकदा नीट बघून घ्या. नमस्कार.